परसांतील आजारी कोंबडी

शाळेंतून निवृत्त झाल्यावर मीं परसांत नऊ कोंबड्या पाळल्या. गेल्या उन्हाळ्यांत त्यांतील एक पिसें फुगवून, डोळे मिटून बसूं लागली; एक अंडें तिनें मऊ कवचाचें घातलें. मीं शिंपल्यांचा चुरा वाढविला, कांद्याचा रस पाजला आणि तिला इतरांबरोबर खुराड्यांतच ठेविलें. येथेंच मी चुकलों. तिसऱ्या दिवशीं हिरवट हगवण लागली, मान पिळवटली. ती मानमोडी होती. भारतांत १९२७ सालीं कुमाऊंतील राणीखेत येथें ती आढळली, म्हणून तिला राणीखेत रोग असेंही म्हणतात. हा विषाणूचा रोग. एकदां जडला कीं औषध चालत नाहीं, आधीं दिलेली लसच काय ती उपयोगी. ती मीं दिली नव्हती. पांच कोंबड्या गेल्या. चुना घालून खोल पुरल्या.

आतां कोंबडी मलूल दिसतांच मी तिला दूर डालग्याखालीं ठेवतों, पाणी निराळ्या भांड्यांत देतों, निरोगी कोंबड्यांचें उरकून मगच तिच्याकडे जातों आणि गुरांच्या डॉक्टरांस बोलावितों. उरलेल्या चारांपैकीं एकीची मान अजून वांकडीच आहे. दाणा टिपतांना तिचा नेम चुकतो. तिच्यापुढें मी खोलगट वाटी ठेवतों.