पोस्टाच्या खिडकीतून दिसलेले ब्रिटन

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



ब्रिटनच्या ऱ्हासाचा विषय निघाला की भारतीय श्रोत्यांच्या ओठांवर एक वाक्य ठरलेले असते. ज्यांच्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्यांच्यावर ही पाळी आली! या उद्गारात थोडे समाधान असते. दादाभाई नौरोजींनी भारताच्या लुटीचा मांडलेला हिशेब ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे समाधान नाकारणे कठीणच. परंतु आजच्या इंग्रज माणसाच्या मनातील क्षोभ साम्राज्याच्या आठवणीतून उपजलेला नाही. 1956 साली सुएझच्या कालव्यात साम्राज्याची उरलीसुरली प्रतिष्ठा बुडाली. 1976 साली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले आणि 1978-79 च्या हिवाळ्यात संपांमुळे रस्तोरस्ती कचऱ्याचे ढीग साचले. ते सारे त्या समाजाने पचवले. आज जे पचत नाही ते निराळेच आहे. ते समजून घ्यायचे तर वेस्टमिन्स्टरच्या सभागृहापेक्षा एखाद्या खेड्यातील टपाल कचेरीच्या खिडकीशी उभे राहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

ब्रिटनमधील बहुसंख्य टपाल कचेऱ्या पगारी सरकारी नोकर चालवत नाहीत. कोपऱ्यावरच्या किराणा किंवा स्टेशनरीच्या दुकानाचा मालक कंत्राटावर ती खिडकी सांभाळतो. त्याला सब-पोस्टमास्तर म्हणतात. वृद्धांची पेन्शन, तिकिटे, पार्सले, बचत खाती हे सर्व त्याच्या हातून होते आणि म्हणून गावात त्याला शिक्षकासारखा किंवा डॉक्टरसारखा मान असतो. 1972 साली इदी अमीनने युगांडातून हाकलून दिलेल्या आणि पूर्व आफ्रिकेतून आलेल्या अनेक गुजराती कुटुंबांनीही अशीच दुकाने घेतली, कष्ट केले आणि परक्या गावात पत मिळवली.

1999 पासून या कचेऱ्यांत ‘होरायझन’ नावाची संगणकप्रणाली बसवण्यात आली. फुजित्सू कंपनीची ही प्रणाली सदोष होती. संध्याकाळी गल्ला मोजावा, तर संगणक कधी शेकडो, कधी हजारो पौंडांची तूट दाखवी. कंत्राटाचा अर्थ असा लावला जाई की तूट पोस्टमास्तराने स्वतःच्या खिशातून भरावी. कोणी घर गहाण टाकले, कोणी नातेवाइकांकडून उसने घेतले. मदतीसाठी दिलेल्या दूरध्वनीवर तक्रार केली की अनेकांना एकच उत्तर मिळे : असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे, दुसऱ्या कोणाचीही तक्रार नाही. शेकडो माणसे एकाच वेळी, आपापल्या गावात, आपण एकटेच आहोत असे समजून बसली होती. या सगळ्या प्रकरणातील क्रौर्य या एका उत्तरात साठवलेले आहे.

इंग्लंडमध्ये टपाल खात्याला एक विलक्षण अधिकार होता. पोलिसांकडे न जाता खाते स्वतःच तपास करी आणि स्वतःच खटला भरी. म्हणजे तक्रारदार तेच, तपासनीसही तेच. शिवाय संगणकाचा पुरावा मांडणाऱ्याने यंत्र नीट चालत असल्याचे दाखवले पाहिजे, ही जुनी अट 1999 च्या एका कायद्याने काढून टाकण्यात आली होती. यंत्र खरे बोलते असे गृहीत धरायचे आणि ते खोटे बोलते हे सिद्ध करण्याचा भार एका दुकानदारावर टाकायचा! 1999 ते 2015 या काळात नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरवले गेले. त्यांतील सुमारे सातशे खटले खुद्द टपाल खात्याने चालवले. भारतीय वंशाच्या एका पोस्टमास्तरीण बाईंना 2010 साली मुलाच्या दहाव्या वाढदिवशी तुरुंगात धाडण्यात आले, तेव्हा त्या गर्भवती होत्या. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण इथे अपुरी पडते, कारण इथे चोरीच झाली नव्हती.

वेल्समधील लँडडनो येथील अॅलन बेट्स यांनी मात्र तूट भरण्यास नकार दिला. 2003 साली त्यांचे कंत्राट काढून घेण्यात आले. 2009 च्या मे महिन्यात ‘कॉम्प्युटर वीकली’ या नियतकालिकाने सात पोस्टमास्तरांच्या कहाण्या छापल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात वॉरिकशायरमधील फेनी कॉम्पटन या खेड्याच्या समाजमंदिरात काही पीडित प्रथमच एकमेकांना भेटले. आपण एकटे नाही, हे कळायला दहा वर्षे लागली होती. पुढे 555 जणांनी मिळून दावा लावला. 2019 साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल देताना, टपाल खात्याची भूमिका म्हणजे एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट असल्याचे सांगण्यासारखी आहे, अशा आशयाचे शब्द वापरले. तडजोडीत सुमारे 58 दशलक्ष पौंड ठरले खरे, परंतु खटल्याच्या खर्चातच त्यातील बहुतांश रक्कम गेली.

या सबंध काळात सरकार कोणाचे होते? 2010 पर्यंत मजूर पक्षाचे, नंतर हुजूर पक्ष आणि लिबरल डेमोक्रॅट यांच्या आघाडीचे, 2015 पासून एकट्या हुजूर पक्षाचे. टपाल कंपनीचा एकमेव भागधारक सरकार होते. मंत्री बदलत गेले, उत्तर तेच राहिले. 2010 च्या मे महिन्यात टपाल खाते सांभाळणारे मंत्री एड डेव्ही यांनी बेट्स यांना प्रथम भेटही नाकारली होती. ती त्याच वर्षी ऑक्टोबरात झाली.

ब्रिटन खडबडून जागे झाले ते 2024 च्या जानेवारीत, आयटीव्ही वाहिनीवर या प्रकरणावरची चार भागांची मालिका दाखवली गेली तेव्हा. न्यायालयाचा निकाल चार वर्षे पडून होता, चौकशी आयोग काम करीत होता, आणि जनमत हलले एका नाटकाने! त्यानंतर मात्र हालचाल विजेच्या वेगाने झाली. ऋषी सुनक यांच्या सरकारने त्याच वर्षी 24 मे रोजी कायदा करून शेकडो शिक्षा एका फटक्यात रद्द केल्या. त्याच आठवड्यात, 20 मे रोजी, सर ब्रायन लँगस्टाफ यांचा दूषित रक्तपुरवठ्यावरील अहवालही प्रसिद्ध झाला. 1970 पासून 1991 पर्यंत सरकारी रुग्णालयांतून तीस हजारांहून अधिक रुग्णांना एचआयव्ही व हेपटायटिसचा संसर्ग झाला आणि सुमारे तीन हजार मृत्युमुखी पडले. हा अपघात नव्हता आणि सत्य दडवले गेले, असे अहवालाने स्पष्ट म्हटले. बैल गेला आणि झोपा केला, तोही चाळीस वर्षांनी.

अशा अनुभवानंतर सामान्य माणूस नळाच्या पाण्याकडेही संशयाने पाहू लागला तर नवल नाही. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की संसदेचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवावे लागले. खासदारांच्याच नाकाशी प्रश्न आल्यामुळे असेल, पण अवघ्या अठरा दिवसांत विधेयक संमत झाले आणि जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने लंडनखाली गटारांचे भव्य जाळे उभारले. 1989 साली इंग्लंड-वेल्समधील पाणीपुरवठा खासगी कंपन्यांकडे गेला, तेव्हा जुनी कर्जे सरकारने माफ केली होती. भागधारकांना लाभांश मिळत राहिला आणि नव्या कर्जांचा डोंगर वाढत गेला. दीड कोटीहून अधिक लोकांना सेवा देणारी ‘थेम्स वॉटर’ 2024 पर्यंत पंधरा अब्ज पौंडांहून अधिक कर्जात बुडाली. 2023 साली इंग्लंडच्या नद्या व समुद्रांत एकूण 36 लाख तास मैलापाणी सोडले गेले. 2024 च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज नौकाशर्यतीत जिंकणाऱ्या चमूने सुकाणूधारकाला आनंदाने पाण्यात फेकण्याचा जुना रिवाज पाळू नये, असे बजावावे लागले. लंडनखाली 25 किलोमीटरचा नवा बोगदा 2025 मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाला, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पाण्याची बिले मात्र वाढतच आहेत.

बर्मिंगहॅमची कथा याहून लाजिरवाणी. एकोणिसाव्या शतकात महापौर जोसेफ चेंबरलेन यांनी गॅस आणि पाणी नगरपालिकेच्या हाती घेऊन आदर्श घडवला, त्याच नगरपालिकेने 2023 च्या सप्टेंबरात दिवाळखोरीसदृश सूचना काढली. 2024 मध्ये कर जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढला, आणि 2025 च्या वसंतात सफाई कामगारांच्या संपामुळे सुमारे सतरा हजार टन कचरा रस्त्यांवर साचला.

याच मालिकेतील सर्वांत वेदनादायक प्रकरण रॉदरहॅमचे. 2014 साली अॅलेक्सिस जे यांच्या अहवालाने सांगितले की 1997 ते 2013 दरम्यान त्या एका शहरात सुमारे 1400 मुलामुलींचे लैंगिक शोषण झाले. पीडितांनी सांगितलेले बहुसंख्य गुन्हेगार पाकिस्तानी वंशाचे होते. आपल्याला वंशद्वेष्टे म्हणतील या भीतीने काही अधिकारी गप्प राहिले आणि पोलिसांनी त्या गरीब मुलींनाच तुच्छ लेखले. 2025 च्या जूनमध्ये बॅरोनेस केसी यांनी दाखवून दिले की दोनतृतीयांश प्रकरणांत गुन्हेगाराचा वंशच नोंदवला गेलेला नाही. जिथे नोंद नाही तिथे अफवेला मोकळे रान मिळते. 29 जुलै 2024 रोजी साउथपोर्टमध्ये तीन चिमुरड्यांची हत्या झाली आणि मारेकरी नुकताच आलेला मुस्लिम निर्वासित असल्याची खोटी बातमी पसरली. तो वेल्समधील कार्डिफमध्ये जन्मला होता. तरीही मशिदीवर हल्ला झाला आणि रॉदरहॅमजवळ निर्वासितांच्या हॉटेलला माणसांसकट आग लावण्याचा प्रयत्न झाला. पंचवीस वर्षांपूर्वीच्या पीडित मुलींना त्या आगीतून कोणता न्याय मिळाला?

मतपेटीत हाच क्षोभ दिसतो. 2016 च्या सार्वमतानंतर आठ वर्षांत पाच पंतप्रधान पायउतार झाले. लिझ ट्रस यांची कारकीर्द तर अवघी 49 दिवसांची. 2024 च्या जुलैत मजूर पक्षाला 411 जागा मिळाल्या, पण मते सुमारे 34 टक्केच, आणि मतदान साठ टक्क्यांच्या आसपास. दहा महिन्यांतच स्थानिक निवडणुकांत नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाने 677 जागा जिंकल्या, आणि रनकॉर्नची लोकसभेची पोटनिवडणूक सहा मतांनी खेचून घेतली. जुन्या पक्षांपैकी कोणीही सत्तेत असो, खिडकीपलीकडून उत्तर तेच येते, असे लोकांना वाटू लागले की मते अशीच फिरतात. नवा पक्ष ती खिडकी उघडेल की नुसताच काचेवर दगड मारील, हे त्याच्या हाती आलेल्या नगरपालिकांत दिसेल.

पोस्टमास्तरांचे काय झाले? 2025 च्या जुलैत सर विन विल्यम्स यांच्या चौकशी अहवालाचा पहिला खंड आला. किमान तेरा जणांनी या छळापायी आत्महत्या केली असावी, असे त्यात नमूद आहे. तोवर एकाही वरिष्ठ अधिकाऱ्यावर आरोपपत्र नव्हते. भरपाईस पात्र असलेल्यांची संख्या सुमारे दहा हजार होती. त्यांतील कित्येकांची तक्रार अशी की, वीस वर्षांपूर्वीच्या नुकसानीचे कागद दाखवा, असे त्यांना सांगितले जाते. अनेकजण त्या अर्जाची वाट पाहतच वारले.