काताकुरी : फूल, कंद आणि रान



वसंत आला की आपली मान वर जाते. पळस, पांगारा, सावर, आंब्याचा मोहोर. आपला वसंत झाडांवर असतो आणि पायांखालची जमीन मात्र कोरडी ठणठणीत असते. जपानातील चेरीच्या बहराची कीर्तीही आपण ऐकलेली आहे. परंतु त्या देशातील डोंगरउतारांवरच्या रानांत वसंत पाहावयाचा तर मान खाली घालावी लागते. तेथील एका लहानशा रानफुलाविषयी आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत. त्याचे नाव काताकुरी.

हे लिलीच्या कुळातले झाड उंचीने वीतभर. ठिपकेदार अशी दोन पाने, त्यांच्यामधून निघणारा एक देठ आणि त्यावर खाली मान घातलेले एकच जांभळट गुलाबी फूल. ऊन पडले म्हणजे पाकळ्या मागे वळतात, सायंकाळी पुन्हा मिटतात. बर्फ वितळल्यापासून वरच्या झाडांना पालवी फुटून सावली दाटेपर्यंत जो थोडा अवधी मिळतो, तेवढाच या झाडाचा संसार. वर्षातून जेमतेम दोन महिने ते जमिनीवर दिसते. तेवढ्यात पानांनी उन्हावर जे अन्न तयार केले, ते जमिनीत खोल असलेल्या कंदात साठवावयाचे आणि उरलेले दहा महिने निजून राहावयाचे.

अशी तुटपुंजी कमाई असल्यामुळे वाढही फार सावकाश होते. बी रुजल्यावर कित्येक वर्षे त्याला दरसाल एकच पान येते. दुसरे पान आणि पहिले फूल येण्यास सात-आठ वर्षे लागतात. बी दूर नेण्याचे काम मुंग्या करतात. बियांना चिकटलेला स्निग्ध खाऊ हीच त्यांची मजुरी.

या फुलाचा मान जुना आहे. आठव्या शतकातील 'मान्योशू' या काव्यसंग्रहात त्याचा उल्लेख आहे. कवी ओतोमो नो याकामोची हा आजच्या तोयामा भागाचा सुभेदार असताना इ. स. ७५० मध्ये त्याने ते आपल्या कवितेत गुंफले. परंतु लोकांचे त्यावर प्रेम होते ते केवळ डोळ्यांचे नव्हते. कंद कुटून, पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन, तळाशी बसलेला पांढरा साका वाळविला की बारीक सत्त्व मिळे. आपल्या तवकिरीचेच हे भावंड म्हणा ना! त्याला 'काताकुरी-को', म्हणजे काताकुरीचे पीठ, असे नाव पडले.

ज्या कंदाला आठ वर्षे लागली तो उकरावयास काही क्षण पुरतात. सत्त्व अर्थातच थोडे आणि महाग असे. पुढे १८६८ नंतरच्या मेइजी काळात होक्काइदो बेटावर बटाट्याची लागवड वाढली आणि बटाट्याचे सत्त्व स्वस्त झाले. आज जपानी गृहिणी आमटी दाट करण्यासाठी काताकुरी-कोच मागते. पुडीत मात्र बटाटा असतो. फूल स्वयंपाकघरातून गेले, नाव तेवढे मागे राहिले.

मग कुदळ थांबली, आता फूल उदंड झाले असेल, असे आपणांस वाटेल. तसे झाले नाही, आणि आमच्या मते या कथेचा खरा बोध येथेच आहे. गावाजवळची ही राने लोकांच्या वापरातली होती. सरपणासाठी व कोळशासाठी ओकची झाडे ठरावीक वर्षांनी तोडीत, ती बुंध्यापासून पुन्हा फुटत. पालापाचोळा खतासाठी गोळा होई. त्यामुळे रानात उजेड राही. १९५० ते १९७० च्या दरम्यान घरोघर गॅस व रॉकेल आले, शेतात रासायनिक खत आले, आणि रानाकडे जाण्याचे कारणच उरले नाही. सदाहरित झाडे आणि ठेंगणा बांबू माजला, वसंतातले ऊन जमिनीपर्यंत पोचेना, आणि काताकुरी ठिकठिकाणी नाहीशी होऊ लागली. पुढे अनेक गावांतील नागरिकांनी स्वतः कोयते घेऊन बांबू साफ केला. तेव्हा कोठे फुले पुन्हा दिसू लागली.

म्हणजे अती उकरण्याने जशी हानी होते, तशी पाठ फिरविल्यानेही होते. उपयोग संपला की त्याच्याबरोबर चाललेली निगाही संपते, आणि ती निगा पुढे चालविण्याचे काम मग कोणीतरी जाणूनबुजून पत्करावे लागते.

आपल्याकडेही महाबळेश्वरच्या बाजूला पावसाळ्यात चवर फुलते. तिच्या गड्ड्यांपासून असेच सत्त्व निघते. आज दुकानातून तवकीर आणताना ती कोणत्या कंदाची, हे आपणांपैकी कितीजण विचारतात? आणि तो कंद ज्या पठारावर वाढतो, त्याची आज काय अवस्था आहे, हे कितीजणांस ठाऊक आहे? आमची विनंती एवढीच की, येत्या श्रावणात सह्याद्रीवर जाल तेव्हा फुलाकडे पाहताना त्याच्या कंदाची आणि त्या कंदाच्या जमिनीचीही विचारपूस करावी. कंद उकरून नव्हे, तर तेथील माणसांशी बोलून. त्यांना ते रान आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते.