स्कीची लांबी आणि बाइंडिंगचा आकडा



आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या नियमांत महिलांच्या स्पर्धांसाठी स्कीची किमान लांबी ठरवून दिलेली आहे. स्लालमला १५५ सेंटिमीटर, जायंट स्लालमला १८८, सुपर-जीला २०५ आणि डाउनहिलला २१०. या चारही प्रकारांत उतरणाऱ्या खेळाडू आहेत. बाई तीच, उंची तीच, वजन तेच, आणि पायाखालच्या स्कीच्या लांबीत मात्र सव्वा हाताचा फरक. तरीही दुकानात गेलं की विक्रेता आधी उंची विचारतो, स्की आपल्याशेजारी उभी करतो आणि म्हणतो, "हनुवटीपर्यंत आली, ही घ्या."

नवशिक्या बाईला हा सल्ला चालून जातो. मी आज बोलणार आहे ते तिच्याविषयी नाही. गुलमर्गला किंवा औलीला शिकून पुढे जिद्दीने खेळत राहिलेल्या मुली आहेत. झुरिच, डेन्व्हर, व्हँकुव्हर अशा ठिकाणी संसार थाटून दर हिवाळ्यात डोंगर गाठणाऱ्या आपल्या बायका आहेत. त्यांच्यातल्या ज्या तीव्र उतारावर वेगात, दोन्ही स्की समांतर ठेवून उतरतात, त्यांच्यासाठी हे बोलणं आहे. अशा बाईला स्वतःची स्की विकत घ्यायची असेल, तर तिने काय पाहावं?

पूर्वी सोपं होतं. हात वर करायचा आणि मनगटापर्यंत पोचेल ती स्की घ्यायची. तेव्हाची स्की जवळजवळ सरळ असे आणि तिला वळवायला ताकद लागे. १९९०च्या दशकात स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने कमरेत खोलवर कापलेली स्की बाजारात आणली आणि काही वर्षांत सगळ्यांनीच तो आकार उचलला. स्की कडेवर कलती केली की ती वाकते आणि आपणहून वळण घेते. त्यामुळे लांबी एकदम खाली आली. पण ती खाली येताना बायकांच्या बाबतीत जरा जास्तच खाली आली, असं माझं मत आहे. 'लेडीज' म्हणून जे रॅकवर लावलेलं असतं ते पुष्कळदा आखूड, मऊ आणि हलकं असतं. कमी वेगात ते गोड वागतं. वेग वाढला, बर्फ टणक झाला, की टोकं थरथरायला लागतात, आणि बाईला वाटतं आपलंच काही चुकतंय.

लांबी ठरवताना उंचीपेक्षा वजन महत्त्वाचं, कारण स्कीला वाकवतं ते वजन. त्याच्या जोडीला वेग आणि जागा. अंदाज देते. १६३ सेंटिमीटर उंचीची, ५८ किलो वजनाची, चांगली खेळणारी बाई धरा. यंत्राने दाबलेल्या टणक उतारावर छोटी, चपळ वळणं घ्यायला तिला १५५ ते १६२ पुरे. दिवसभरात सगळ्या प्रकारच्या बर्फावर फिरायचं असेल तर १६२ ते १७०. आणि गुलमर्गच्या अफरवटावर, जिथे गोंडोला जवळजवळ चार हजार मीटरवर नेऊन सोडतो आणि खाली मऊ, खोल बर्फ असतो, तिथे कंबर, म्हणजे मधली रुंदी, शंभर मिलिमीटरच्या आसपास असलेली आणि १७० किंवा त्याहून थोडी अधिक लांब स्की तिला बुडू देणार नाही. दोन मापांमध्ये मन अडलं आणि तुम्ही खरोखर वेगात जाणाऱ्या असाल, तर मोठं घ्या. झाडांतून, उंचवट्यांतून जाण्याचा छंद असेल तर लहान.

लांबीचा आकडा एकटा वाचू नका. स्कीवर टोक, कंबर आणि शेपूट यांच्या रुंदीचे तीन आकडे मिलिमीटरमध्ये छापलेले असतात आणि शेजारी वळणाची त्रिज्या मीटरमध्ये. त्रिज्या १३ असेल तर स्की सारखी वळायला बघते, १८ असेल तर लांब, मोकळी वळणं मागते. ज्या स्कीची टोकं आधीच वर उचललेली असतात, तिची बर्फाला टेकणारी कड आखूड असते. म्हणून तशी १६८ची स्की टणक बर्फावर १६०सारखी वागू शकते. विक्रेत्याने ही गोष्ट आपणहून सांगितली नाही तर विचारा. कडकपणा मात्र सहसा छापत नाहीत. शेपूट जमिनीला टेकवून, एका हाताने टोक धरून, दुसऱ्या हाताने मधे दाबून पाहावं लागतं. शक्य असेल तर एक दिवस भाड्याने घेऊन खेळून बघणं सर्वांत उत्तम.

बायकांची वेगळी स्की हवीच का, हा वाद जुना आहे. अमेरिकेत जीनी थोरन या बाईने १९८०च्या दशकापासून तो लावून धरला. तिचं म्हणणं असं की स्त्रीच्या शरीराचा तोल पुरुषापेक्षा वेगळा पडतो आणि पुरुषांच्या मापाने बसवलेल्या स्कीवर ती मागे झुकते. तेव्हा बूट धरणारं बाइंडिंग थोडं पुढे सरकवा, बुटात टाचेखाली उंचवटा द्या. आज बायकांच्या अनेक स्कींवर बुटाच्या मध्यबिंदूची खूण पुढे असते, त्यात तिच्या आग्रहाचा वाटा आहे. आपण सारख्या मागच्या बाजूला बसतो असं ज्यांना जाणवतं, त्यांनी हे जरूर करून पाहावं. पण ज्या बाईच्या पायात जोर आहे तिने पुरुषांची म्हणून विकली जाणारी स्की नाकारण्याचं कारण नाही. लिंडसे व्हॉनने २०११-१२च्या मोसमात डाउनहिलसाठी पुरुषांची स्की वापरली होती.

आता बाइंडिंग. बूट स्कीला धरून ठेवणारं आणि वेळ आली की सोडणारं हे यंत्र. यल्मार व्हाम नावाचा नॉर्वेतून अमेरिकेत गेलेला स्कीपटू १९३७मध्ये पाय मोडून घेऊन बसला, आणि त्यातून पाय मोकळा करणारं बाइंडिंग त्याला सुचलं. तोवर बूट स्कीला जखडलेलाच असे. पुढे बाइंडिंगं सुधारत गेली. व्हरमाँटमधल्या शुगरबुश इथे १९७२पासून संशोधकांनी स्कीच्या दुखापतींची नोंद ठेवली, त्यात नडगीचं हाड मोडण्याचं प्रमाण खूप घटलेलं दिसतं.

गुडघ्याचं तसं झालं नाही, आणि बायकांनी हे नीट ऐकावं. हौशी स्कीपटूंमध्ये गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तो तुटण्याचं प्रमाण स्त्रियांत पुरुषांच्या दुपटीच्या घरात आहे. नेहमीचं बाइंडिंग पुढे पायाच्या बोटांशी बाजूला सुटतं आणि मागे टाचेशी वर सुटतं. पण आपण मागे कोसळतो, कंबर गुडघ्यांच्या खाली जाते आणि उताराकडच्या स्कीची शेपूट आतल्या कडेवर पकडली जाते, तेव्हा गुडघा पिळला जातो आणि त्या पिळाला बाइंडिंग दाद देतंच असं नाही. कार्ल एटलिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५मध्ये हे मांडलं आणि उपायही सांगितले. पडताना पाय ताठ करू नका, घसरणं थांबेपर्यंत उठायला जाऊ नका, हात टेकून सावरू नका. टाच बाजूलाही सोडणारं नीबाइंडिंग नावाचं बाइंडिंग याच विचारातून व्हरमाँटमध्येच निघालं.

मग आकडा कसा ठरतो? बाइंडिंगवर एक मोजपट्टी असते, तिला डिन म्हणतात. तिचा आकडा आयएसओ ११०८८ या मानकातल्या तक्त्यावरून काढतात. त्यासाठी वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी आणि स्कीपटूचा प्रकार, एवढं लागतं. वजन आणि उंची यांपैकी ज्याने आकडा कमी येईल ते धरायचं. वय ५० किंवा अधिक असेल तर आकडा एक पायरी खाली. बुटाचा तळ लांब असेल तर आकडा कमी, कारण लांब पान्याने नट फिरवावा तसा लांब तळाने पायावरचा पीळ वाढतो.

घोटाळा होतो तो स्कीपटूच्या प्रकारात. प्रकार तीन आहेत. पहिला सावकाश, सौम्य उतारावर जाणाऱ्यांचा. तिसरा वेगात, तीव्र उतारावर जोर लावणाऱ्यांचा. उरलेले सगळे दुसऱ्यात. हा कौशल्याचा दर्जा नव्हे. तुम्ही उत्तम खेळता, पण आता जपून खेळायचं ठरवलं आहे, तर दुकानातल्या फॉर्मवर खुशाल दुसरा प्रकार लिहा. तिसरा लिहिलात तर बाइंडिंग घट्ट बसेल आणि हळू वेगात वेडंवाकडं पडलात तर कदाचित सुटणार नाही. उलट वेगात जाणाऱ्या बाईने भिऊन पहिला लिहिला, तर ऐन कड्यावर स्की नको तेव्हा निघून जाईल. दोन्ही वाईट. स्की निवडताना बायका स्वतःला कमी लेखतात, आणि हा फॉर्म भरताना मैत्रिणींच्या देखत वजन दोन किलो कमी आणि प्रकार एक पायरी वर लिहितात! तक्त्याला खरं तेच सांगा.

बाइंडिंग विकत घेताना तुमचा आकडा त्याच्या मोजपट्टीच्या मधल्या भागात येईल असं पाहा. आकडा पाच येत असेल तर तीन ते दहाचं चांगलं. सहापासून सुरू होणारं शर्यतीचं बाइंडिंग कितीही दिमाखदार असलं तरी तुमच्या पायावर ते बसवताच येणार नाही. ब्रेकची रुंदी स्कीच्या कमरेपेक्षा किंचित जास्त हवी. बुटाला चालायला सोपा, रबरी, किंचित वळलेला ग्रिपवॉक तळ असेल तर त्याला चालणारंच बाइंडिंग घ्या. त्यावर तशी खूण असते. डोंगर चढून जाण्यासाठीचं पिनचं हलकं बाइंडिंग वेगळ्या कामाचं. दिवसभर लिफ्टने वर जाऊन खाली उतरायचं असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

बाइंडिंगचे पेच घरी फिरवत बसू नका. आकड्याबरोबर मागच्या टाचेचा पुढे येणारा दाबही जुळवावा लागतो, आणि मोजपट्टीवरचा आकडा खरोखर तेवढ्याच जोराला सुटतो का, हे दुकानातल्या यंत्रावर तपासता येतं. दर मोसमाच्या सुरुवातीला हे करून घ्या. वजन बरंच बदललं, पन्नाशी ओलांडली किंवा बूट बदलले, तर मोसमाच्या मधेही. आणि दुकानात जाताना स्वतःचे बूट न विसरता बरोबर न्या. त्यांच्या तळाची लांबी मोजल्याशिवाय कुणालाही बाइंडिंग बसवता येत नाही.