साथीदारांनाही पडद्यावर जागा हवी



संगीत नाटकाच्या इतिहासावरचे माहितीपट
आपण दूरचित्रवाणीवर आवडीने पाहतो.
१८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगलं.
गोष्ट बहुधा तिथून सुरू होते.
मग स्त्रीभूमिका गाजवणारे बालगंधर्व येतात.
त्यांचे शालू येतात, त्यांचा गळा येतो.

हे सगळं हवंच.
पण माझं आग्रहाचं म्हणणं आहे,
साथीदारांनाही जागा हवी.

उस्ताद अहमदजान थिरकवा यांचंच पाहा ना.
तबल्याचे हे बादशहा मूळचे मुरादाबादचे.
म्हणजे आपण राहतो त्या मानेसरपासून काही तासांच्या वाटेवरचे!
बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत त्यांनी वर्षानुवर्षं तबला वाजवला.
सारंगीवर होते कादरबक्ष.

आणि चाली?
‘मानापमान’ नाटकाच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या.
‘स्वयंवर’च्या भास्करबुवा बखल्यांच्या.
ख्याल-ठुमरीचा रंग मराठी पदांत उतरला,
तो अशा जाणकारांमुळे.

मराठी नाट्यसंगीत घडवायला उत्तरेतले कलावंतही आले.
हे माहितीपटात ठळक दिसायला हवं.
पुन्हा सांगते, साथीदारांनाही जागा हवी.

आज रात्री बालगंधर्वांचं एखादं जुनं ध्वनिमुद्रण लावा.
मुलांना जवळ बसवा.
आणि एकदा फक्त साथ ऐका.