उघड्या घराचीं कुलुपें

नाशिकरोड येथें १९२८ सालापासून चलनी नोटा छापल्या जातात. खऱ्या नोटेवरील जलचिन्ह व धागा कसे ओळखावे, हें जनतेस जाहीरपणें शिकविलें जातें. खुणा सर्वांस ठाऊक असूनहि त्यांची हुबेहूब नक्कल करणें मोठें कठीण असतें. ऑगस्ट केर्कहोफ्स यानें १८८३ सालीं गुप्तलेखनाविषयीं असाच नियम सांगितला होता: रचना शत्रूच्या हातीं पडली तरी चालेल, किल्ली मात्र पडतां कामा नये.

संगणकाचा सारा कारभार चालविणारी जी कार्यप्रणाली, तिलाहि हा नियम लागू पडतो. लिनस टोर्वाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेल्या लिनक्सचा मूळ मजकूर कोणासहि वाचतां येतो. पुण्यांत मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेनें याच कुळांतील डेबियनच्या आधारें ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली सिद्ध केली.

मग चोरहि तो मजकूर वाचील, ही शंका रास्त आहे. शिवाय, मजकूर उघडा असला म्हणजे कोणी तरी तो तपासीलच, असें नाहीं. ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड्या मजकुरांत सुमारें दोन वर्षें राहिला व २०१४ सालीं उजेडांत आला.

म्हणून अशी प्रणाली जाणीवपूर्वक भक्कम करावी लागते. गोदाकांठच्या जुन्या वाड्याचा मालक वापरांत नसलेली दिंडी बंद करून टाकतो. तशा अनावश्यक सेवा व जोडणीचीं द्वारें बंद करावीं. रोजचें काम सर्वाधिकारी खात्यांतून करूं नये. प्रत्येक कार्यक्रमास त्याच्या कामापुरतीच मुभा द्यावी. दुरून प्रवेश करणारास केवळ परवलीच्या शब्दावर आंत घेऊं नये, गणिती किल्ली मागावी. दुरुस्त्या येतांच बसवाव्या आणि प्रवेशाच्या नोंदी नियमानें वाचाव्या.

या दक्षतेचें फळ मार्च २०२४ मध्यें दिसलें. ‘एक्स-झेड’ या साधनाच्या निर्मात्यांचा विश्वास संपादून कोणीं तरी त्यांत चोरवाट दडविली होती. दूरस्थ प्रवेशास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेंच आंद्रेस फ्रॉइंट या अभियंत्यास खटकलें. त्या विलंबाचा माग काढीत त्यांनीं ती चोरवाट उघडकीस आणली, आणि बहुतेक स्थिर आवृत्त्या बचावल्या.

रुग्णालयांतील नोंदी व पतपेढ्यांतील ठेवी आज अशाच यंत्रांच्या भरंवशावर असतात. त्या यंत्रांचे दरवाजे कोण तपासतो, एवढें विचारण्याचा हक्क प्रत्येक ठेवीदारास आहे, आणि त्यानें तो बजावावा.