चार गड्ड्यांचा डाव



मी मानसोपचाराचा डॉक्टर. तुमच्या पदवीदान समारंभासाठी प्राचार्यांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, नशेवर बोलतो. ते जरा थबकले. 'सर, आजच्या दिवशी?' हो, आजच्याच दिवशी. उद्यापासून तुमच्यातले काही जण इथल्या एमआयडीसीत लागतील, काही औषधाच्या दुकानात किंवा शाळेत उभे राहतील, काही सुरतेची गाडी धरतील. आपल्या नरडाण्याला रेल्वे आहे, महामार्ग आहे, त्यामुळे हा विषय तुमच्या वाटेत येणारच.

धुळे-मालेगावकडे 'कुत्ता गोळी' म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मागच्या रांगेत हसू फुटलं, म्हणजे इथेही लागणार नाही. ही गोळी म्हणजे अल्प्राझोलाम. घाबरेपणाचे झटके येणाऱ्या रुग्णाला थोड्या दिवसांसाठी मीही ती लिहून देतो, पाव किंवा अर्धा मिलिग्रॅम. मेंदूतल्या पेशींची धावपळ शांत करणारं गाबा नावाचं रसायन असतं, त्याचा जोर ही गोळी वाढवते. नशेसाठी घेणारे मात्र मूठभर गोळ्या तोंडात टाकतात आणि वर कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा दारू घेतात. मग भीती जाते. भीती गेली की बरं वाटतं खरं, पण महामार्गावर ट्रिपल सीट मोटरसायकल हाकताना भीती शाबूत असलेली बरी. हातात चाकू असताना तर फारच बरी.

असा मुलगा दुसऱ्या दिवशी समोर बसून सांगतो, 'डॉक्टर, मला काहीच आठवत नाही.' घरच्यांना ते ढोंग वाटतं, पोलिसांनाही वाटतं. पण ते खरं असू शकतं. ही गोळी मोठ्या मात्रेत अंगात असताना मेंदू नवी आठवण नोंदवतच नाही. माणूस चालतो, बोलतो, मारामारी करतो आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही. सोबत दारू किंवा कोडीन असेल तर श्वासही मंदावतो, आणि काही जण झोपेतच जातात.

हे झालं एका रात्रीचं. रोजच्या नशेची गोष्ट वेगळी आहे, आणि ती समजायला मी तुम्हाला पत्त्यांच्या डावाला बसवतो. खान्देशात पत्ते कोणाला शिकवावे लागत नाहीत.

१९९४ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अँटोइन बेशारा, अँटोनिओ दमासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा डाव मांडला. टेबलावर चार गड्ड्या पालथ्या. एकेक पान उचलायचं. दोन गड्ड्यांत प्रत्येक पानाला मोठी कमाई, पण मधूनच असा दंड की सगळं धुऊन जावं. उरलेल्या दोन गड्ड्यांत कमाई थोडी आणि दंडही थोडा, शेवटी खिशात चार पैसे उरतात. हे आधी कोणालाच सांगितलेलं नसतं. साधा माणूस थोडी पानं उचलतो, चटके खातो आणि हळूहळू थोड्या कमाईच्या गड्ड्यांकडे सरकतो. पुढे त्यांनी खेळणाऱ्यांच्या तळहाताचा घाम मोजला. वाईट गड्डीकडे हात जाताना घाम आधी सुटत होता, आणि तिथे गडबड आहे हे डोक्याला नंतर कळत होतं. अंगाला आधी कळतं, अशातला प्रकार.

मेंदूच्या कपाळामागच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांना मात्र हा घाम सुटत नव्हता. त्यांच्यातल्या काहींना कोणत्या गड्ड्या वाईट हे नंतर नीट सांगता येत होतं. सांगायचे, आणि तरी हात त्याच गड्डीकडे. पुढे बेशारांनी दारूच्या आणि इतर नशेच्या व्यसनींना तोच डाव खेळायला बसवलं. त्यांच्यातले पुष्कळ जण तसेच खेळले.

कळतं पण वळत नाही, असं आपण वैतागून म्हणतो. वळवण्याचं काम मेंदूच्या ज्या भागाचं, त्यालाच नशेनं धरलेलं असतं. म्हणून मला घरोघरच्या शपथांची चीड येते. कुलदैवतासमोर उभं करायचं, आईच्या डोक्यावर हात ठेवायला लावायचा. पोरगा त्या घटकेला मनापासून म्हणतो, 'सोडी देसू, माय.' संध्याकाळी त्याच टपरीवर. मग घर म्हणतं, हा खोटारडा. अहो, तो सकाळी खोटं बोलत नव्हता!

संध्याकाळी काय होतं? मेंदूत डोपामिन नावाचं रसायन आहे. ते सुखाचं रसायन, असं सगळीकडे छापून येतं. ते अर्धवट आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. अनपेक्षित रस मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात चेतत. पण दिवा लागला की रस मिळतो, हे माकड शिकलं, तशा त्या पेशी दिव्यालाच चेतू लागल्या, रस तोंडात पडण्याआधी. टपरी, तो मित्र, पगाराचा दिवस, स्ट्रिप फाटल्याचा आवाज, हे सगळे व्यसनीचे दिवे. त्यात रोजच्या माऱ्यानं डोपामिन टिपणाऱ्या जागा बोथट होतात, म्हणजे आईच्या हातचं जेवण, क्रिकेट, बायको, काहीच गोड लागत नाही. अशा माणसाला 'घराकडे बघ' म्हणण्यात काय अर्थ?

आपल्या महामार्गावर बिजासन घाट उतरताना काय होतं ते तुम्ही ऐकून आहात. जुलै २०२३ मध्ये पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर गाड्यांना उडवत हॉटेलात घुसला. उतारावर ब्रेक गेलेल्या गाडीतल्या चालकाला 'सावकाश चालव' असं ओरडून उपयोग नसतो. व्यसनाचंही तसंच आहे. सुई वाटून घेणं, त्यातून एचआयव्ही आणि कावीळ, निरोधाशिवाय संबंध, घरातली चोरी, हे सगळं त्या उतारावरचं. शिवाय कपाळामागचा हा भाग साधारण पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. तुम्ही एकवीस-बावीसचे. पदवी मिळाली, मेंदूचं थोडं बाकी आहे.

म्हणजे त्याचा दोष नाही, असं मी म्हणतोय का? नाही. चाकू मारला तर शिक्षा व्हावी. पण व्यसन उतरवायला शिक्षा पुरत नाही, उपचार लागतो आणि जागाही बदलावी लागते. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकन सैनिक घरी परतले, तेव्हा संशोधक ली रॉबिन्स यांनी त्यांचा माग काढला. फार थोडे पुन्हा व्यसनात अडकलेले आढळले. ज्या ठिकाणी, ज्या माणसांत नशा होती, ते सगळं मागे राहिलं होतं. आपला पोरगा व्यसनमुक्ती केंद्रातून सुटतो आणि परततो त्याच गल्लीत. मग घसरतो, आणि आपण म्हणतो, पैसे वाया गेले.

पुण्यात लेखक अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनींवर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले, आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. तिथे घसरलेला माणूस परत आला तर त्याला परत घेतात. हे साधं वाटतं, पण आपल्या घरांत नेमकं हेच होत नाही. २०१९ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेल्या ३७ जणांना आपण शपथा घालतोय.

आता रसायनशास्त्रवाल्यांना थोडं. २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि २०२४ मध्ये दौंडच्या कुरकुंभ एमआयडीसीत मेफेड्रोन हे नशेचं रसायन बनवणारे कारखाने पकडले गेले. कधी कोणी तुम्हालाही रात्रपाळीला दुप्पट पगार देऊ करेल. मेफेड्रोनची ५० ग्रॅम ही व्यापारी मात्रा आहे आणि शिक्षा १० ते २० वर्षं, एवढं ध्यानात असू द्या. जे औषधाच्या दुकानात बसतील, त्यांच्यासाठी अल्प्राझोलाम 'एच-१' यादीत आहे. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती गोळ्या, हे वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. ओळखीचा म्हणून चिठ्ठीशिवाय दिलेली स्ट्रिप कोणाच्या खिशात जाते, ते तुम्हाला मुळीच कळणार नाही.

शेवटी कामाचं. ही गोळी रोज घेणाऱ्याची ती एका दिवसात तोडायची नाही, झटके येतात, जीव जाऊ शकतो. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात. मित्र तयार झाला तर १४४४६ या व्यसनमुक्तीच्या मदतवाहिनीवर फोन करा, पैसे लागत नाहीत, किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात घेऊन या. पोलिसांची भीती त्याला असेल. अमली पदार्थांविरोधी एनडीपीएस कायद्याच्या ६४-अ कलमात, थोड्या मात्रेच्या प्रकरणात आपणहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण आहे, हे त्याला सांगा. आणि येताना रिकाम्या स्ट्रिपा सोबत आणा. रोज किती घेतो, हे तो खरं सांगेलच असं नाही, आणि मला पहिलं तेच विचारायचं असतं.