बंदरावर जन्मलेली संस्था: फिलाडेल्फियाची जर्मन सोसायटी

मराठी माणसाला फिलाडेल्फिया ठाऊक असतं ते आनंदीबाई जोशींमुळे. १८८६च्या मार्चमध्ये त्या तिथल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच शहरात, स्प्रिंग गार्डन स्ट्रीटवर ६११ क्रमांकाच्या जागेत, एक ऐसपैस इमारत उभी राहिली. खाली-वर दालनं, मोठं सभागृह आणि लाकडी गॅलऱ्यांचं ग्रंथालय. ही वास्तू पेनसिल्व्हेनियाच्या जर्मन सोसायटीची. इमारत नवी होती, पण संस्था तेव्हाच सव्वाशे वर्षांच्या घरात पोचली होती. अमेरिका नावाचा देश जन्मायच्या बारा वर्षं आधी ती स्थापन झाली. परदेशातली जर्मन मंडळं, मैत्रीसंघ, गायन-वादनाचे क्लब जगात शेकड्यांनी आहेत. त्यांतलं अमेरिकेतलं सर्वांत जुनं हे.

अशा संस्थांचं नाव काढलं की डोळ्यांपुढे येतात बिअरचे मग, पितळी वाद्यांचा बँड आणि नाताळचा बाजार. या संस्थेच्या जन्माचा मात्र या कशाशीही संबंध नव्हता. ती जन्मली बंदरावर, आणि जन्मली ती एका तक्रारीतून.

अठराव्या शतकात दक्षिण जर्मनीतून, ऱ्हाइनच्या काठावरून, गरीब शेतकरी आणि कारागीर पेनसिल्व्हेनियाला निघत. नदीने रॉटरडॅम, तिथून इंग्लंडमार्गे अटलांटिक. ज्यांच्यापाशी भाडं नसे ते उधारीवर जहाजात चढत. फिलाडेल्फियाला जहाज लागलं की गिऱ्हाइकं जहाजावर येत, माणसं निरखून बघत, भाडं चुकतं करत आणि बदल्यात त्या माणसाला तीन ते सहा वर्षं राबवून घेत. लहान मुलं एकविसाव्या वर्षापर्यंत अडकत. नवरा किंवा बायको अर्धी वाट ओलांडल्यावर दगावली तर मागे उरलेल्याने दोघांचं भाडं फेडायचं, असा रिवाज होता. १७५०मध्ये गॉटलीब मिटेलबर्गर नावाचा शिक्षक चर्चसाठी एक ऑर्गन घेऊन या वाटेने गेला, चार वर्षांनी वैतागून परतला आणि १७५६मध्ये त्याने प्रवासवर्णन छापलं. त्याच्या एका जहाजावर बत्तीस मुलं मेली आणि समुद्रात सोडली गेली, असं त्याने लिहून ठेवलं आहे. तो थोडा भडक लिहितो हे खरं. पण जर्मनटाउनचा छापखानावाला क्रिस्टोफर साउर यानेही १७५५मध्ये गव्हर्नरला पत्रं लिहून याच जहाजांची गाऱ्हाणी मांडली होती. १७२७ ते १७७५ या काळात साठ हजारांहून अधिक जर्मनभाषक या एका बंदरात उतरले. त्यातले कितीतरी जण आजारी होते, कर्जबाजारी होते, आणि करारावर जी भाषा लिहिली होती ती त्यांना वाचता येत नव्हती.

गावातल्या इंग्रजांचं या पाहुण्यांविषयीचं मत फारसं चांगलं नव्हतं. खुद्द बेंजामिन फ्रँकलिनने १७५१मध्ये लोकसंख्येवर निबंध लिहिताना या जर्मनांना गावंढळ ठरवलं आणि हे लोक इंग्रज होण्याऐवजी आपल्यालाच जर्मन करतील अशी भीती घातली. गंमत अशी की अमेरिकेतलं पहिलं जर्मन वर्तमानपत्र १७३२मध्ये याच फ्रँकलिनने छापलं होतं. ते काही महिन्यांतच आटोपलं. धंद्याला जर्मन वाचक चालत होता, शेजाराला नको होता. हा हिशेब त्याला पुढे महागात पडला. १७६४च्या निवडणुकीत विरोधकांनी ते जुनं वाक्य शोधून मतदारांपुढे ठेवलं आणि फ्रँकलिनची विधिमंडळातली जागा गेली. ती घालवण्यात जर्मन मतांचाही हात होता.

त्याच वर्षी, २६ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, चेरी स्ट्रीटवरच्या लुथरन शाळेत पासष्ट जर्मन गृहस्थ जमले. हे लोक स्वतः सुस्थितीत होते: व्यापारी, कारागीर, एक वकील. हाइनरिख केपेले हा व्यापारी पहिला अध्यक्ष झाला. लुडविग वाइस या वकिलाने कायद्याची बाजू सांभाळली. त्यांचं पहिलं काम गाणी म्हणण्याचं नव्हतं, विधिमंडळाकडे अर्ज करण्याचं होतं. पाच महिन्यांच्या आत, मे १७६५मध्ये, कायदा झाला: प्रवाशाला झोपायला पुरेशी जागा, जहाजावर डॉक्टर आणि औषधं, जहाज ठरावीक दिवसांनी धुऊन धुरी देणं, आणि तपासणीच्या वेळी जर्मन समजणारा दुभाषा. कायदा कागदावर राहू नये म्हणून सोसायटीची माणसं जहाजांवर जात, कप्तानांना कोर्टात खेचत. आजच्या भाषेत बोलायचं तर ही स्थलांतरित मजुरांची कायदेशीर मदत संस्था होती. वर्गणी भरणारे एक आणि लाभ घेणारे दुसरे, अशी तिची रचना होती. ‘सभासदांसाठी कार्यक्रम’ ही कल्पना पुष्कळ नंतरची.

१७८१मध्ये तिला अधिकृत सनद मिळाली आणि उद्दिष्टांत शिक्षण आलं. गरीब जर्मन मुलांना विद्यापीठापर्यंत पोचवणं हाही आता संस्थेचा उद्योग झाला. सभासदांची यादी या काळात भलतीच वजनदार दिसते. म्यूलेनबर्ग नावाच्या लुथरन पाद्र्याचे दोन मुलगे तिचे अध्यक्ष झाले. पीटर हा स्वातंत्र्ययुद्धातला सेनापती. फ्रेडरिक हा १७८९मध्ये अमेरिकन लोकप्रतिनिधी सभेचा पहिला सभापती, आणि १७९०पासून सोसायटीचा अध्यक्ष. न्यूयॉर्कच्या जर्मनांनी १७८४मध्ये फिलाडेल्फियाच्याच धर्तीवर आपली सोसायटी काढली. तिथे वॉशिंग्टनच्या सैन्याला कवायत शिकवणारा श्टॉयबेन अध्यक्ष होता, आणि पुढे फरच्या व्यापारात गब्बर झालेला जॉन जेकब अॅस्टर.

फ्रेडरिक म्यूलेनबर्गभोवती एक दंतकथा चिकटली आहे, आणि ती जर्मनीत आजही ऐकायला मिळते. अमेरिकेची राजभाषा जर्मन होणार होती, पण म्यूलेनबर्गच्या एका मताने ती संधी हुकली, अशी ती कथा. घडलं ते एवढंच: व्हर्जिनियातल्या काही जर्मनांनी अर्ज केला होता की संघराज्याचे कायदे जर्मनमध्येही छापून मिळावेत. जानेवारी १७९५मध्ये त्यावरच्या चर्चेत केवळ तहकुबीचा ठराव ४२ विरुद्ध ४१ मतांनी पडला. राजभाषेचा प्रश्न मतदानाला आलाच नव्हता. परदेशी राहणाऱ्या समाजाला अशा ‘थोडक्यात हुकलेल्या’ वैभवाच्या गोष्टी फार आवडतात. त्यांचं खंडन कितीही झालं तरी त्या मरत नाहीत.

भाषेचं खरं नाट्य संस्थेच्या इतिवृत्तांच्या वह्यांमध्ये घडलं. युरोपातल्या युद्धांमुळे नवे जर्मन येणं मंदावलं, संस्थापकांची नातवंडं इंग्रजीत वाढली, आणि १८१८मध्ये सोसायटीचा कारभार इंग्रजीत गेला. तो एकेचाळीस वर्षं इंग्रजीतच राहिला. जर्मनांच्या सोसायटीचं काम इंग्रजीत चालतं यात कुणाला वावगं वाटलं नसावं. १८५९मध्ये जर्मन परत आली, आणि ती कुणी जुन्या घराण्याने आणली नाही. १८४८ची जर्मनीतली क्रांती फसल्यावर देशोधडीला लागलेले शिक्षक, पत्रकार, डॉक्टर, आणि त्यांच्यामागोमाग आलेला कष्टकऱ्यांचा लोंढा यांनी ती आणली. एकट्या १८५०च्या दशकात नऊ लाखांवर जर्मन अमेरिकेत आले. म्हणजे भाषा टिकली ती घराघरांतल्या संस्कारांनी नव्हे, ताज्या माणसांच्या ओघाने. हा निष्कर्ष कुणाला कटू वाटेल, पण त्या वह्या तरी तेच सांगतात.

या नव्या पिढीतला मोलाचा माणूस म्हणजे ओस्वाल्ड साइडेनष्टिकर. जन्म ग्यॉटिंगेनचा, १८२५चा. वडिलांनी तिथल्या उठावात भाग घेतला म्हणून वर्षानुवर्षं तुरुंगवास भोगला आणि अखेर अमेरिकेची वाट धरली. मुलगा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जर्मनचा प्राध्यापक झाला. १८६७मध्ये त्याने सोसायटीत जर्मन-अमेरिकन संग्रह उभा करायला घेतला: जुनी वर्तमानपत्रं, पंचांगं, चर्चची पत्रकं, मंडळांच्या घटना, जे कुणी जपून ठेवत नाही असं सगळं. १८७६मध्ये त्याने संस्थेचा इतिहास लिहिला. आज अठराव्या शतकातल्या त्या जहाजांविषयी, केपेले आणि वाइसविषयी जे बोलता येतं, त्यातलं बरंचसं या एका माणसाच्या चिकाटीचं देणं आहे.

ग्रंथालय त्याच्या आधीचं, १८१७चं. आता ते जोसेफ हॉर्नर यांच्या नावाने चालतं आणि साठ हजारांहून जास्त पुस्तकं बाळगून आहे. जाणकारांना त्याचं अप्रूप वेगळ्याच कारणासाठी वाटतं. तिथे ग्योटे-शिलर आहेतच, पण त्यांच्याहून कितीतरी अधिक जागा एकोणिसाव्या शतकातल्या लोकप्रिय कादंबऱ्यांनी, प्रवासवर्णनांनी आणि कौटुंबिक मासिकांच्या बांधीव अंकांनी अडवली आहे. दिवसभर कारखान्यात किंवा दुकानात राबलेला माणूस संध्याकाळी काय वाचत होता, ते या कपाटांवरून कळतं. १९९०च्या दशकात विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या मदतीने या पुस्तकांची शास्त्रशुद्ध सूची झाली. ग्रंथालयाबाहेरचं कामही वाढत होतं: १९००मध्ये सोसायटीची स्त्रियांची सहायक शाखा निघाली. गरजू कुटुंबांच्या मदतीचा मोठा भार तिने उचलला. संस्थेची पत पुरुषांच्या भाषणांनी वाढली की या बायकांच्या पायपिटीने, याचं उत्तर द्यायला फार विचार करावा लागू नये.

यानंतरचं प्रकरण दुःखद आहे. १९०१च्या ६ ऑक्टोबरला फिलाडेल्फियात ‘राष्ट्रीय जर्मन-अमेरिकन आघाडी’ स्थापन झाली. मुहूर्त मुद्दाम निवडलेला: १६८३मध्ये त्याच तारखेला क्रेफेल्डची तेरा कुटुंबं ‘काँकर्ड’ जहाजातून उतरली होती आणि त्यांनी जर्मनटाउन वसवलं होतं. आघाडीचा म्होरक्या चार्ल्स हेक्सामर हा अभियंता, फिलाडेल्फियातच जन्मलेला आणि जर्मन सोसायटीचाही अध्यक्ष. आघाडी लाखोंचं बळ असल्याचं सांगत असे. दारूबंदीला विरोध हे तिचं लाडकं काम, आणि त्यासाठी बिअर गाळणाऱ्या कंपन्यांचा पैसा येत असे. १९१४मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर तिचा सूर चढला. आपण खालच्या दर्जाच्या संस्कृतीत उतरणार नाही, अशा अर्थाची हेक्सामरची जाहीर भाषा होती. १९१७मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि हे सगळं उलटलं. १९१८च्या एप्रिलमध्ये आघाडी बरखास्त झाली, जुलैमध्ये काँग्रेसने तिची सनद काढून घेतली. त्याच एप्रिलमध्ये इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिल गावी जमावाने रॉबर्ट प्रागर या जर्मन कामगाराला झाडाला लटकवून मारलं. शाळांतून जर्मन हद्दपार झाली. नेब्रास्कात एका शिक्षकाने दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवलं म्हणून त्याला दंड झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि १९२३मध्ये जिंकला. तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. भरभराटीला आलेली अनेक मंडळं या काळात बंद पडली किंवा नाव बदलून गप्प बसली. पाठोपाठ हिटलरचा काळ आला. १९३९च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये नाझीधार्जिण्या ‘बुंड’ने प्रचंड सभा भरवली आणि जर्मन आडनावाच्या प्रत्येकाकडे पुन्हा संशयाने पाहिलं जाऊ लागलं.

जर्मन सोसायटी मात्र यातून तगली. तिच्या हातात काही कामं अशी होती की ज्यांना राजकारणाची गरज नव्हती: गरजूंची मदत, पुस्तकं, शिकवणी. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीहून दीनवाणी माणसं बंदरावर यायची थांबली, तसं मदतीचं मूळ काम संपलं आणि शिकवणी पुढे आली. आज तिथे मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी जर्मनचे वर्ग असतात, मैफली होतात, चित्रपट दाखवतात, व्याख्यानं होतात. गप्पांचं टेबल लागतं. ज्याला मोडकंतोडकं येतं त्याने मोडकंतोडकं बोलावं. नाताळच्या आधी बाजारही भरतो. सभासद व्हायला जर्मन रक्त लागत नाही. बायकोचं आजोळ जर्मन म्हणून कुणी येतं, कुणी विद्यापीठातल्या कामासाठी, कुणाला नुसतं संगीत आवडतं. स्थापनेच्या दिवशी जमलेल्या पासष्टांना ही गर्दी ओळखू आली नसती. १९८७पासून ६ ऑक्टोबर हा अमेरिकेत ‘जर्मन-अमेरिकन दिवस’ म्हणून जाहीर होतो. रेगन यांनी तो सुरू केला. त्याचा गाजावाजा फारसा होत नाही, हे बरंच आहे.

हे सारं मराठी श्रोत्यांपुढे मांडायचं कारण उघड आहे. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१मध्ये स्थापन झालं, आणि २००९चं त्याचं अधिवेशन फिलाडेल्फियातच झालं. तिथल्या मराठी शाळांमधून आता तिथेच जन्मलेली मुलं शिकतात. १८१८मध्ये जर्मनांच्या वह्यांमध्ये जे घडलं ते या मंडळांच्या बैठकीत आज ना उद्या घडेल. काही ठिकाणी घडलंही असेल. त्यावर गळा काढण्यापेक्षा दोन कामं हाती घेण्याजोगी आहेत. पहिलं म्हणजे नव्याने येणाऱ्याच्या अडचणीला उभं राहणं, मग तो विद्यार्थी असो, व्हिसात अडकलेला नोकरदार असो की नातवंडं सांभाळायला आलेली एकटी आजी. दुसरं काम साइडेनष्टिकरचं. ज्यांच्या घरी मंडळांच्या जुन्या स्मरणिका, इतिवृत्तं, वर्गणीच्या याद्या, नाटकांची हस्तपत्रकं असतील त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला विचारावं, नाहीतर महाराष्ट्रातल्या एखाद्या संग्रहाकडे पाठवावीत, आणि तेही कागद जपणारी पहिली पिढी हयात आहे तोवर करावं.